स्वस्त तंत्रसाधनांचा बाजार ॲपवर : आखणीची मूलतत्त्वे

मोबाइल फोन आणि लॅपटॉप ही साधने आता चैनीची राहिलेली नाहीत. विद्यार्थ्याचा अभ्यास, नोकरीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, शासकीय दाखला, शेतमालाचा बाजारभाव, यांपैकी कोणतीही गोष्ट घेतली तरी तिची वाट या साधनांतूनच जाते. परंतु नव्या साधनांची किंमत प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यात असतेच असे नाही. अशा कुटुंबांपुढील व्यवहार्य मार्ग म्हणजे वापरलेले, तपासून व दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेले साधन घेणे. बाजारात अशा मालास ‘रिफर्बिश्ड’ असे म्हणतात.

या मालाची खरेदी-विक्री ॲपद्वारे घडवून आणण्याचे प्रयत्न देशात व परदेशात चालू आहेत. संगणकशास्त्राचे विद्यार्थी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दुरुस्तीचे काम शिकून बाहेर पडलेले तरुण, सहकारी संस्था व बचत गट यांच्या मनातही असा उपक्रम हाती घेण्याचा विचार येतो. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ॲप तयार करावयास घेतले की प्रथम लक्ष जाते ते पडद्यावरील रंग, चित्रे व बटणे यांकडे. वास्तविक अशा बाजाराचे यशापयश एकाच गोष्टीवर ठरते : विक्रेत्यास ठाऊक असलेला दोष ग्राहकास पैसे देण्यापूर्वी कळतो की नाही.

या प्रश्नास सामाजिक बाजूही आहे. पन्नास हजार रुपयांचा नवा फोन घेणाऱ्याची फसगत झाली तर त्याचे नुकसान होते, पण त्याचा व्यवहार थांबत नाही. पाच हजारांचा जुना फोन घेणाऱ्याची ती कदाचित वर्षभराची शिल्लक असते. तो फोन महिन्याभरात बंद पडला तर मुलीचा अभ्यास किंवा घरच्या कर्त्या माणसाची रोजची कामे अडतात, आणि दुसऱ्यांदा पैसे उभे राहत नाहीत. यास्तव स्वस्त मालाच्या बाजारात ग्राहकाचे संरक्षण महागड्या मालाच्या बाजारापेक्षा अधिक काटेकोर असावयास हवे.

बाजारपेठेतील गल्ली काय देते

वापरलेल्या व स्वस्त विद्युत् साधनांचा बाजार नवा नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, इंदूरचा जेल रोड ही ठिकाणे अनेकांच्या परिचयाची आहेत. लहान शहरांतही बसस्थानकाच्या परिसरात अशी चार-दोन दुकाने सहज आढळतात. या दुकानांवर ग्राहकास तीन गोष्टी आपोआप मिळतात. पहिली, वस्तू हातात घेऊन पाहता येते. दुसरी, ‘बॉक्स-बिल आहे का?’, ‘डिस्प्ले बदललेला आहे का?’ असे विचारता येते व उत्तर देणाऱ्याचा चेहराही पाहता येतो. तिसरी, काही बिघडले तर दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहता येते.

ॲपवर या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. वस्तू दूर असते, विक्रेता अनोळखी असतो आणि दुकानाची पायरी नसते. त्याच्या मोबदल्यात ॲप दुसरे काही देते : शंभर दुकानांतील माल एकाच वेळी पाहण्याची सोय, गावात न मिळणारी वस्तू मागविण्याची मुभा व भावांची तुलना. आखणी करणाऱ्याचे काम असे की, हे नवे लाभ देताना गल्लीतील तीन जुन्या सोयींना पर्याय निर्माण करावयाचा. पाहण्यास पर्याय म्हणजे वस्तूची सत्य नोंद. विचारण्यास पर्याय म्हणजे विक्रेत्याची ओळख व त्याच्या कामाचा पूर्वेतिहास. परत जाण्यास पर्याय म्हणजे रोखून धरलेली रक्कम व तक्रारीची व्यवस्था. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

चांगला माल बाजार का सोडतो

वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराचे शास्त्रशुद्ध विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केले. जुन्या मोटारगाड्यांचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले की, विक्रेत्यास वस्तूचा दर्जा ठाऊक आहे व ग्राहकास तो ठाऊक नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू बाहेर पडतो. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा सिद्धांत आपण फोनच्या उदाहरणाने समजावून घेऊ. समजा, बाजारात एकाच बनावटीचे १० जुने फोन आहेत. त्यांपैकी ५ सुस्थितीत असून प्रत्येकी ८,००० रुपये मोलाचे आहेत. उरलेल्या ५ मध्ये छुपा दोष असून ते प्रत्येकी ३,००० रुपये मोलाचे आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ग्राहकास भेद कळत नसल्यामुळे तो सरासरी धरून ५,५०० रुपयेच देऊ करतो. सुस्थितीतील फोनचा मालक ७,००० च्या खाली द्यावयास तयार नाही. तो आपला फोन बाजारातून काढून घेतो. आता बाजारात केवळ सदोष फोन उरतात. हे ग्राहकाच्या ध्यानी येताच भाव ३,००० वर येतो. चांगली वस्तू विकू इच्छिणारा आहे, घेऊ इच्छिणाराही आहे, तरी दोघांची गाठ पडत नाही. नुकसान दोघांचेही होते.

या घसरणीवर उपाय एकच. चांगल्या व सदोष फोनमधील भेद खरेदीपूर्वी दिसावा, आणि तो दाखविणे चांगल्या विक्रेत्यास फायद्याचे व वाईट विक्रेत्यास तोट्याचे ठरावे. ॲपच्या प्रत्येक भागाची परीक्षा या कसोटीवर करावी.

वस्तूची नोंद : काय विचारावे

विक्रीची नोंद भरताना अनेक ॲपवर विक्रेत्यास ‘वर्णन’ या मथळ्याची एक मोकळी चौकट दिली जाते. तीत ‘एकदम मस्त कंडिशन’ असे लिहिले जाते आणि त्यातून काहीच कळत नाही. मोकळ्या चौकटीऐवजी निश्चित उत्तरांचे प्रश्न विचारले पाहिजेत. फोनच्या बाबतीत पुढील पाच बाबी अनिवार्य कराव्यात.

पहिली बाब ओळख क्रमांकाची. प्रत्येक मोबाइल फोनला आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#०६# ही कळ दाबली असता तो पडद्यावर दिसतो. या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे अंक लिहिताना झालेली चूक ॲपला जागच्या जागी पकडता येते. रीत अशी : डावीकडून दुसरा, चौथा, सहावा याप्रमाणे समस्थानी असलेले अंक दुप्पट करावेत, दुप्पट संख्या दोन अंकी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यावी, मग सर्वांची एकूण बेरीज करावी, ती पुढच्या दशकास पोहोचविण्यास जो अंक लागेल तोच पंधरावा अंक असला पाहिजे. उदाहरणार्थ ४९०१५४२०३२३७५१ हे १४ अंक घ्या. समस्थानीचे अंक ९, १, ४, ०, २, ७, १ असे आहेत. ते दुप्पट करून ९, २, ८, ०, ४, ५, २ मिळतात. त्यांची बेरीज ३०. विषमस्थानीचे अंक ४, ०, ५, २, ३, ३, ५. त्यांची बेरीज २२. एकूण ५२. पुढचे दशक ६० असल्याने पंधरावा अंक ८. वाचकांनी आपल्या फोनच्या क्रमांकावर ही रीत करून पाहावी.

अंक बरोबर असला म्हणजे फोन चोरीचा नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या केंद्रीय नोंदवहीशी पडताळणी करावी लागते. १६ मे २०२३ रोजी देशभर खुल्या झालेल्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेत ही सोय आहे. रोमन लिपीत ‘केवायएम’ ही अक्षरे, मग एक जागा सोडून १५ अंकी क्रमांक असा लघुसंदेश १४४२२ वर पाठविला असताही फोनची स्थिती कळते. चोरीस गेल्याची नोंद असलेला फोन घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि शिवाय पोलीस चौकशीचा ससेमिरा मागे लागू शकतो. सबब ही पडताळणी ॲपने नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वीच करावी. ती ग्राहकावर सोपवू नये. पूर्ण क्रमांक मात्र जाहीर दाखवू नये, कारण त्याचा दुरुपयोग होऊ शकतो. ‘पडताळणी झाली’ ही खूण व तिची तारीख पुरेशी आहे.

दुसरी बाब कुलुपाची. चोरीस आळा बसावा म्हणून अ‍ॅपलने २०१३ पासून आणि अँड्रॉइडने २०१५ पासून अशी योजना केली आहे की, जुन्या मालकाचे खाते फोनवरून काढले नसेल तर फोन कोरा करूनही तो नव्या मालकास वापरता येत नाही. प्रामाणिक विक्रेताही खाते काढण्यास विसरतो आणि ग्राहकाच्या हाती निरुपयोगी वस्तू येते. यासाठी खाते काढून, सर्व माहिती पुसून, फोन पहिल्या स्वागताच्या पडद्यावर आणल्याचे छायाचित्र मागावे. यात विक्रेत्याचेही हित आहे. त्याची छायाचित्रे, संदेश व बँकेची माहिती परक्याच्या हाती जात नाही.

तिसरी बाब बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीची साठवणशक्ती वापरागणिक घटत जाते. नवेपणीच्या तुलनेत ती किती टक्के उरली आहे, हा आकडा नोंदवावा. जेथे फोन स्वतः हा आकडा दाखवत नाही तेथे तपासनीसाने मोजणी करावी, आणि मोजणी झालेली नसेल तर ‘मोजलेली नाही’ असे स्पष्ट लिहावे. रिकामी जागा व प्रामाणिक नकार यांत मोठा फरक आहे.

चौथी बाब दुरुस्तीची. दुरुस्तीवाले ज्यास ‘कॉम्बो’ म्हणतात ती काच व पडदा यांची जोडणी, बॅटरी, चार्जिंगची पिन व कॅमेरा यांपैकी काय बदलले आहे आणि बदललेला भाग मूळ कंपनीचा आहे की अन्य बनावटीचा, हे विचारावे. दुरुस्ती झालेली असणे हा दोष नव्हे. ती लपविणे हा दोष होय.

पाचवी बाब सहसा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे सुरक्षा-अद्ययावततेची मुदत. साधन धडधाकट असूनही कंपनीने त्याच्या प्रणालीचा सांभाळ थांबविला, तर बँकेच्या व्यवहारांसाठी ते हळूहळू असुरक्षित होते. लॅपटॉपच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण समोर आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठरावीक पिढीपासूनचे प्रोसेसर आवश्यक आहेत. इंटेलच्या बाबतीत ही सूची मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यापूर्वीचे असंख्य लॅपटॉप कार्यालयांतून बाहेर पडून स्वस्तात विकले जातात. त्यांवर लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली बसवून विद्यार्थ्यांची पुष्कळ कामे भागू शकतात; पण हे ग्राहकास विकत घेतल्यानंतर नव्हे, घेण्यापूर्वी कळले पाहिजे. ‘अद्ययावतता मिळण्याची अखेरची तारीख’ हा रकाना प्रत्येक नोंदीत किमतीच्या शेजारीच असावा.

दर्जाची नावे ठरवितानाही सावध असावे. ‘उत्तम’, ‘सुपर’, ‘प्रीमियम’ अशा शब्दांना मोजमाप नसते. ‘अ’ दर्जा म्हणजे हातभर अंतरावरून ओरखडा दिसत नाही व बॅटरी ८५ टक्क्यांहून अधिक. ‘ब’ म्हणजे ओरखडे दिसतात पण काच अभंग व बॅटरी ७५ टक्क्यांहून अधिक. अशा तऱ्हेची व्याख्या लिहून ती प्रत्येक नोंदीखाली दाखवावी.

किमतीचा क्रम की खर्चाचा क्रम

‘सर्वांत स्वस्त आधी’ हा क्रम ग्राहकाच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो सदोष मालास वर आणतो. समजा, एक फोन ४,५०० रुपयांस असून त्याची बॅटरी बदलण्यास ९०० रुपये लागणार आहेत. दुसरा ५,२०० रुपयांस असून त्यास काही करावे लागणार नाही. पहिल्याचा खरा खर्च ५,४०० म्हणजे दुसऱ्याहून २०० रुपयांनी अधिक आहे. किंमत, पोच-खर्च व लगेच करावी लागणारी दुरुस्ती यांची बेरीज दाखवून त्या बेरजेनुसार क्रम लावणे, हे या बाजारातील ग्राहकास सर्वांत उपयोगी पडेल. क्रम कोणत्या निकषांवर लावला जातो हे ग्राहकास समजेल अशा भाषेत सांगणे, ही २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार कायदेशीर जबाबदारीही आहे.

पैसा मध्यंतरी कोठे थांबावा

अनोळखी व्यक्तींच्या व्यवहारात ‘आधी पैसे की आधी वस्तू’ हा पेच असतो. चीनमध्ये २००३ साली ताओबाओ हा बाजार सुरू झाला तेव्हा हाच पेच होता. ग्राहकाचे पैसे त्रयस्थाकडे थांबवून ठेवावेत आणि वस्तू पोहोचल्याची खात्री झाल्यावर विक्रेत्यास द्यावेत, हा तोडगा तेथे काढण्यात आला. पुढे जगड्व्याळ झालेल्या अलीपेचा उगम या व्यवस्थेत आहे. या पद्धतीस एस्क्रो म्हणतात. लग्न ठरविताना किंवा जमिनीच्या व्यवहारात दोन्ही पक्षांच्या विश्वासातील मध्यस्थाकडे रक्कम ठेवण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाही.

आपल्या देशात ॲपच्या चालकाने ग्राहकांचे पैसे स्वतःच्या खात्यात साठवून ठेवणे योग्य नव्हे. रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या चौकटीनुसार हे काम अधिकृत ‘पेमेंट ॲग्रिगेटर’ संस्थांनी बँकेतील एस्क्रो खात्यामार्फत करावयाचे आहे. नव्या उपक्रमाने अशा संस्थेशी करार करावा.

रक्कम किती दिवस थांबवावी, हा आखणीचा नाजूक भाग आहे. फार थोडे दिवस ठेवले तर छुपा दोष उघडकीस येत नाही. फार दिवस ठेवले तर लहान दुरुस्तीवाल्याचे भांडवल अडकते व तो ॲप सोडून जातो. फोनचे बहुतेक दोष, म्हणजे गरम होणे, बॅटरी झपाट्याने उतरणे, आवाज न येणे, हे रोजच्या वापरात थोड्याच दिवसांत कळून येतात. यासाठी ७ दिवसांची मुदत आरंभास ठीक वाटते. ज्या विक्रेत्याच्या मालाच्या तक्रारी कमी, त्याची मुदत क्रमाने कमी करावी. म्हणजे प्रामाणिकपणास रोख मोबदला मिळतो.

सत्य नोंदीचा हिशेब

नोंद इतकी काटेकोर ठेवली तर विक्री घटेल, अशी शंका काहीजण घेतात. तिचे उत्तर हिशेबानेच द्यावे. समजा, एका फोनची सरासरी किंमत ५,००० रुपये व ॲपचे कमिशन ८ टक्के, म्हणजे ४०० रुपये आहे. तपासणीस १५० व पोचविण्यास १०० असा २५० रुपये खर्च वजा जाता १५० रुपये उरतात. वस्तू परत आली तर कमिशन मिळत नाही, २५० रुपये गेलेलेच असतात व परतीचे १०० रुपये आणखी लागतात; एकूण तोटा ३५० रुपये. अशा रीतीने १०० मागण्यांपैकी २० परत आल्या तर ८० × १५० वजा २० × ३५०, म्हणजे ५,००० रुपये उरतात. त्याच १० परत आल्या तर ९० × १५० वजा १० × ३५०, म्हणजे १०,००० रुपये उरतात. आणि ३० परत आल्या तर काहीच उरत नाही. परतीचे प्रमाण निम्मे झाले की शिल्लक दुप्पट होते. आकडे येथे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या उपक्रमाचे आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब मांडावा. दोष आधीच सांगितल्याने जी विक्री बुडते, ती बहुधा परत येणारीच विक्री असते.

अभिप्रायांची व्यवस्था

अनोळखी विक्रेत्याची ओळख पटविण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय. अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली सुरू केलेल्या व पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या बाजारात पहिली वस्तू विकली गेली ती एक मोडकी लेसर-दर्शिका. ती १४.८३ डॉलरना गेली. वस्तू मोडकी आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते, म्हणून त्या व्यवहारात फसवणूक नव्हती. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, तेथे परस्परांविषयी अभिप्राय लिहिण्याची सोय झाली. तथापि कालांतराने असे दिसून आले की, विक्रेताही उलट वाईट अभिप्राय देईल या भीतीने ग्राहक खरे लिहीत नाहीत. अखेर २००८ साली विक्रेत्यांचा ग्राहकांविरुद्ध प्रतिकूल अभिप्राय देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला.

यातून घ्यावयाचा धडा असा की, अभिप्राय देणाऱ्यास भय नसावे. प्रत्यक्ष खरेदी केलेल्यासच अभिप्राय देता यावा. ‘किती तारे?’ या प्रश्नाऐवजी ‘नोंदीत लिहिल्याप्रमाणे वस्तू मिळाली काय?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ असे द्यावयाचे असल्याने ते अल्पशिक्षितासही सोपे जाते आणि हव्या त्या गोष्टीचेच मोजमाप होते. विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून अभिप्राय लिहिणे २०२० च्या उपरोक्त नियमांनी निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही प्रसिद्ध केले आहे. ते आखणीपूर्वी अवश्य अभ्यासावे.

पडद्याची रचना

स्वस्त फोन घेऊ इच्छिणारा ग्राहक ॲप पाहतो ते आपल्या जुन्या, तडकलेल्या, भरत आलेल्या फोनवर, किंवा शेजाऱ्याच्या फोनवर. ही गोष्ट आखणी करणाऱ्याच्या टेबलावरील नव्या फोनवर कधीच जाणवत नाही. ॲपचा आकार लहान असावा, छायाचित्रे मागितल्याशिवाय मोठी उतरू नयेत आणि तुटक इंटरनेटवरही भरलेली माहिती पुसली जाऊ नये. ॲप न उतरविता साध्या ब्राउझरमधूनही खरेदी करता यावी. दुसऱ्याच्या फोनवरून खरेदी होत असेल तर पडताळणीचा संकेतांक त्या दुसऱ्याकडे जातो. यासाठी खाते व पोचविण्याचा संपर्क क्रमांक वेगवेगळे ठेवण्याची मुभा द्यावी.

भाषेचा प्रश्न मराठी वाचकांस वेगळा सांगावयास नको. बेळगावात मराठी व कन्नड, गोव्यात कोकणी व मराठी, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व उर्दू असा एकाच घरातील वापर असतो. वस्तूची नोंद निश्चित प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात असेल तर तिचे भाषांतर एकदाच करावे लागते. विक्रेत्याने कन्नडमध्ये भरलेली नोंद ग्राहकास मराठीत आपोआप वाचता येते. मोकळ्या वर्णनाच्या बाबतीत हे साधत नाही. निश्चित प्रश्नांचा हा दुसरा लाभ होय.

ग्राहकास घाई लावणारी वा गोंधळविणारी रचना टाळावी. ‘फक्त एकच शिल्लक’ असा खोटा इशारा, न मागितलेला विमा टोपलीत घालणे, शेवटच्या पडद्यावर अचानक वाढलेली रक्कम, अशा १३ फसव्या रचनांची सूची केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे व त्यांस मनाई केली आहे.

लहान विक्रेता व राज्याची सीमा

सीमाभागातील उपक्रमांनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. ई-वाणिज्य मंचावरून माल विकणाऱ्यास पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्यांस सवलत मिळाली आहे. मात्र त्यांनी आपल्या राज्याबाहेर माल विकता कामा नये व नावनोंदणी क्रमांक घेतला पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे बेळगावच्या दुरुस्तीवाल्यास ही सवलत घेऊन हुबळीस फोन विकता येईल. त्याहून पुष्कळ मराठी ग्राहक असलेल्या कोल्हापुरास विकता येणार नाही. तसे करावयाचे तर नोंदणी घ्यावी लागेल. ॲपने विक्रेत्याची स्थिती ओळखून त्याचा माल योग्य त्या राज्यातील ग्राहकांसच दाखवावा. अन्यथा अजाणता नियमभंग घडून दंडाचा भार लहान माणसावर पडेल.

नित्याने व्यापार करणारा विक्रेता व आपला एखादा जुना फोन विकणारी घरगुती व्यक्ती यांतील भेदही नोंदीवर स्पष्ट असावा. ई-वाणिज्य नियम नित्य व्यापार न करणाऱ्या खासगी व्यक्तीस लागू होत नाहीत. ग्राहकाचे हक्क कोणाकडून घेतल्यास कितपत आहेत, हे त्यास आधी कळले पाहिजे.

तक्रारीची पायरी

आता उरली ती दुकानाची पायरी. नियमांनुसार ॲपच्या चालकाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावयाचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते व तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणेही आवश्यक आहे, म्हणजे तिचा पाठपुरावा करता येतो. ही माहिती ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत न दडविता प्रत्येक मागणीच्या पानावर ‘वस्तू नोंदीप्रमाणे नाही’ असे मोठे बटण द्यावे. ते दाबताच विक्रेत्याची रक्कम थांबली पाहिजे. तक्रारीच्या वेळी नोंदीतील उत्तरे व मिळालेली वस्तू शेजारी शेजारी ठेवली की वाद बहुधा तेथेच मिटतो. येथे पुन्हा सत्य नोंदच कामी येते.

त्यानेही न भागल्यास ग्राहकास राष्ट्रीय ग्राहक मदत केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. पाच हजारांच्या फोनसाठी आयोगाकडे जाण्याची वेळ येणे हे खरे तर ॲपच्या आखणीचे अपयश होय; तरी हा हक्क ग्राहकास ठाऊक असावा.

आरंभ लहान असावा

सर्व देशाचा बाजार पहिल्याच दिवशी उभारण्याचा मोह टाळावा. आरंभ एका शहरात, एका प्रकारच्या वस्तूने व ओळखीच्या दहा-पंधरा दुरुस्तीवाल्यांसह करावा. वस्तू तपासण्यास एक टेबल, एक जाणकार तंत्रज्ञ व छापील प्रश्नावली एवढे भांडवल प्रारंभी पुरे आहे. ॲपची एक ओळही लिहिण्यापूर्वी ही प्रश्नावली कागदावर घेऊन पन्नास फोनांची नोंद करून पाहावी. कोणता प्रश्न विक्रेत्यास कळत नाही, कोणते उत्तर पडताळता येत नाही, हे त्यातून समजेल. पुढे विस्तार करताना स्वतंत्र ग्राहकवर्ग जमविणे अवघड वाटल्यास ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याचा विचार करावा. तेथे विक्रेत्यांचे ॲप व ग्राहकांचे ॲप वेगवेगळ्या संस्थांचे असू शकते. दुरुस्त न होणारे साधन भंगारात न टाकता २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे.

उपक्रमाच्या प्रगतीचे मोजमापही आरंभीच ठरवावे. किती लोकांनी ॲप उतरविले हा आकडा सहज मिळतो, पण त्यावरून फार थोडे कळते. पोहोचलेल्या शंभर वस्तूंपैकी नोंदीबरहुकूम किती होत्या, आणि सहा महिन्यांनंतर त्यांतील किती चालू आहेत, हे दोन आकडे दर महिन्यास काढावेत व जाहीर करावेत. पाच हजार रुपये खर्चणाऱ्या कुटुंबास एवढीच गोष्ट जाणून घ्यावयाची असते, आणि तिचे खरे उत्तर जो बाजार देईल त्याच्याकडे चांगला माल व चांगले विक्रेते आपण होऊन येतील.